पाहुण्याचा ताप

सोलापूरचा मे महिना. रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं, कावळेही सावली धरून बसले होते, आणि अशा भर दुपारी सिंधुजा गाजूल दोन चादरी आणि वर एक रजई घेऊन थंडीनं कुडकुडत पडली होती. दातांवर दात आपटत होते. हातापायांची बोटं निळसर झाली होती.

"आज पाहुणा कुठं निघालाय गं अक्का?" शेजारच्या खाटेवरून पद्मजानं विचारलं. गल्लीत नव्यानं लग्न होऊन आलेली ही पोरगी तिसऱ्यांदाच तापाला आली होती. अजून तिला सगळ्याची गंमत वाटत होती.

"काय की बाई. पण थंडी भरून आलीय म्हंजे डासाच्या मुलखात चाललाय मेला. मागं नुसता घसा धरला होता, तवा बर्फात गेला असंल."

पाहुणा कोण, त्याचं नाव काय, गाव कुठलं, हे सिंधुजाला ठाऊक नव्हतं आणि कधी कळणारही नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की तो श्रीमंत आहे, म्हातारा आहे आणि त्याला फिरायची फार हौस आहे. त्याचा प्रवास ठरला, की तिथला ताप आधी सिंधुजाला यायचा.

हे तापाचं काम म्हणजे काय, ते इथं सांगायलाच हवं. आपल्या अंगात रोगांशी लढणाऱ्या पेशींची फौज असते. नवा जंतू आला की ही फौज आधी मार खाते, मग शिकते, आणि एकदा शिकलेलं सहसा विसरत नाही. लस म्हणजे त्या फौजेचा सराव. पण पृथ्वी तापली, विमानं वाढली आणि जंतू इतक्या झपाट्यानं वेश बदलू लागले, की लस बाटलीत भरेपर्यंत ती जुनी व्हायची. प्रयोगशाळेला जे वर्षभरात साधत नव्हतं ते कुठलंही जिवंत शरीर पंधरवड्यात करत होतं. अडचण इतकीच, की त्या पंधरवड्यात त्या शरीराला आजारी पडावं लागत होतं.

दुसरीही एक अडचण होती. एकाची फौज दुसऱ्याच्या कामी येत नाही. प्रत्येकाच्या पेशींवर घराण्याची असावी तशी ओळखखूण असते, आणि परक्या खुणेची पेशी दिसली की शरीर तिला हाकलून लावतं. त्यावर शास्त्रज्ञांनी तोड काढली. श्रीमंत माणसाच्या हाडांच्या मगजातल्या मूळ पेशी काढायच्या आणि दुसऱ्याच्या हाडांत वस्तीला ठेवायच्या. घरमालकानं पाहुण्याला हाकलू नये म्हणून दर आठवड्याला एक इंजेक्शन. पाहुण्याची फौज अशी परक्या घरात वाढते. मग त्या घराला ताप द्यायचा, फौज शिकली की रक्त काढून तेवढ्या पेशी वेगळ्या करायच्या, थंड डब्यात घालून विमानानं पाठवायच्या. तिकडे मालकाला शिंकही येत नाही.

आता आजारी कुणी पडायचं, एवढाच प्रश्न उरला होता, आणि जगानं त्याचं उत्तर फार पूर्वीच ठरवून ठेवलेलं होतं. ज्याचा दिवस महाग त्यानं कामाला जायचं. ज्याचा दिवस स्वस्त त्यानं अंथरूण धरायचं. सोलापुरात टॉवेल विणायला माणूस लागेनासा झाला होता. विडी तर कायद्यानंच बंद झाली, आणि सूप मांडीवर घेऊन जन्म काढलेल्या हजारो बाया एका दिवसात रिकाम्या बसल्या. तेव्हा 'सहज्वर' नावाची कंपनी आली. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या जागेवर तिनं पांढरीशुभ्र इमारत बांधली. गल्लीतल्या बाया तिला तापघर म्हणू लागल्या. पूर्वी सकाळी 'विडीला जाते' म्हणायच्या, आता 'तापाला जाते' म्हणायच्या. हवेत तंबाखूचा वास तेवढा राहिला नाही.

काम वाईट नव्हतं, असंच सगळ्या म्हणायच्या. खाट मिळते, पंखा मिळतो, मोसंबीचा रस मिळतो. मागच्या गल्लीतल्या नागव्वाचं झालं तोवर असंच चाललं होतं. नागव्वाचा पाहुणा परदेशात वयोमानानं गेला. करार पाहुण्याच्या हयातीपुरता, त्यामुळं तिची इंजेक्शनं, तपासण्या, सगळं थांबलं. आणि मग कळलं, की इतकी वर्षं पाहुण्याची फौज पोसताना नागव्वाची स्वतःची फौज झिजून झिजून उरलीच नव्हती. साधा खोकला झाला. आठवडाभरात बाई गेली. तिच्या मातीला गेलेल्या बाया तिथूनच घरोघर पांगल्या. घरी येऊन प्रत्येकीनं देवापुढं दिवा लावला आणि कधी नाही ते पाहुण्याला दीर्घायुष्य मागितलं.

सिंधुजानंही मागितलं. मागताना तिची तिलाच शिसारी आली.

तिनं कामाला लागताना एक खोटं सांगितलं होतं. अंगावर पाजणाऱ्या बाईला तापघरात घेत नसत. सिंधुजाचा मुलगा मल्ली तेव्हा नुकताच वरचं खाऊ लागला होता, तिचं दूध काही आटलं नव्हतं. पण कागदावर 'नाही' म्हणून तिनं अंगठा टेकवला. गल्लीत अशी ती एकटी नव्हती. आणि मग तिची धाकटी जाऊ रजिता बाळंत झाली. मुलगी झाली, सगळ्यांनी तिला चिन्नी म्हणायला सुरुवात केली, पण रजिताला दूधच येईना.

विडीच्या काळापासून या गल्लीत एक रीत होती. विड्या वळणाऱ्या बायांचे हात तंबाखूनं भरलेले. त्या हातांनी बाळाला शिवायचं नाही. म्हणून ओसरीवर कुणाचंही बाळ रडलं, की जिचे हात धुतलेले असतील ती उठून त्याला पदराखाली घ्यायची. आपलं-परकं कुणी पाहत नव्हतं. विडी गेली तरी रीत गेली नाही. सासूनं, म्हणजे अत्तम्मानं, रडून लाल झालेली चिन्नी उचलली आणि काही न विचारता सिंधुजाच्या मांडीवर ठेवली. सिंधुजानंही काही विचार केला नाही. दूध पाजताना कुणी विचार करतं का?

दीड महिन्यानं लसीच्या दिवशी चिन्नीच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला गेला. कामगारांच्या घरच्या लेकरांचं औषधपाणी तापघरातच फुकट होई. दुसऱ्या दिवशी सिंधुजाला बोलावणं आलं.

खोटं उघडं पडलं, काम गेलं, असं समजून ती गेली. पण डॉ. मृदुल खासनीस दारापर्यंत उठून आल्या. त्यांनी तिला खुर्ची दिली, समोर पेढ्यांची बशी ठेवली. रागावलेला साहेब तिनं पुष्कळ पाहिला होता. पेढे देणारा साहेब तिला नवा होता.

"सिंधुजाताई, तुम्ही चिन्नीला पाजता?"

"चुकलं बाई. पोरगी उपाशी होती हो."

"अहो, घाबरू नका. तुम्ही काय करून बसलात ते तुम्हाला माहीत नाही." खासनीसबाईंचा आवाज आनंदानं थरथरत होता. "दुधातून आईच्या काही पेशी बाळाच्या अंगात जातात. तुमच्या दुधातून पाहुण्याच्या गेल्या. मोठ्या माणसाचं शरीर त्यांना हाकलतं, म्हणून तुम्हाला इंजेक्शन लागतं. पण तान्ह्या बाळाच्या शरीराला आपलं कोण, परकं कोण, हे अजून ठरवायचं असतं. पहिले तीनेक महिने त्याचं दार उघडं असतं. त्या काळात जो आत आला तो घरचाच. पाहुणा चिन्नीच्या घरचा झालाय. तिला इंजेक्शन लागणार नाही. कधीच नाही."

"मग आता काय होणार?"

"तिचं सोनं होणार. पाहुणे तिला आपल्या शहरात ठेवून घ्यायला तयार आहेत. आईवडिलांसकट. घर, शाळा, सगळं."

"आणि ताप?"

"ते आम्ही सांभाळून देऊ. अगदी हळूहळू."

"तिची सोताची फौज? ती उरंल का बाई?"

खासनीसबाईंनी बशी थोडी पुढं सरकवली. "पेढा घ्या ना," त्या म्हणाल्या.

उठता उठता सिंधुजानं आणखी एक गोष्ट विचारली. एकाच बाईत दोन पाहुणे का ठेवत नाहीत? बाई हसल्या. "प्रयोग केला होता सुरुवातीला. दोघं भांडतात, एकमेकांना हाकलतात, घर रिकामं होतं. पाहुणा एकच हवा आणि शुद्ध हवा." सिंधुजानं हे वाक्य पदराच्या गाठीत बांधावं तसं मनात बांधून घेतलं.

घरी पोचेपर्यंत बातमी तिच्या आधी पोचली होती. रजिताच्या नवऱ्याला, गोपीला, कंपनीचा फोन येऊन गेला होता. रजिता चुलीपुढं कडक भाकऱ्या थापत होती आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"रजिता, पोरीला पाठवू नकोस गं."

"का म्हणून?"

"तिला जन्मभर ताप देतील. त्या म्हाताऱ्यानं कुठं जायचं म्हटलं की ही पोरगी फणफणंल. आणि तो मेला तर? नागव्वा आठव."

रजितानं भाकरी तव्यावर टाकली. "अक्का, एक सांग. इथं राहून चिन्नी काय होणार हाय? कलेक्टर?"

सिंधुजानं पाळण्याकडं पाहिलं.

"तापालाच जाणार की! तुझ्यासारखी, पद्मजासारखी. तिथं गेली तर निदान चांगल्या घरात पडून ताप घेईल. त्या लोकांस्नी तिचा जीव प्यारा असंल, त्यांचाच जीव हाय त्यात. इथं आपला जीव कुणाला प्यारा हाय, सांग की!"

"पोरगी हाय ती. घर नव्हं, पाहुणा ठेवायला."

"पाजलंस तू. मी नव्हतं सांगितलं तिच्यात पाहुणा घाल म्हणून." बोलून गेल्यावर रजितालाच वाईट वाटलं. ती सिंधुजाजवळ येऊन बसली, पिठाचा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. "रागावू नकोस अक्का. तू तिचं वाईट नाही केलंस. पदरी पडलं पवित्र झालं म्हणायचं आणि घ्यायचं."

सिंधुजाला राग आला नव्हता. रजिताचं म्हणणं खोटं नव्हतं, याचीच तिला भीती वाटत होती. दोन आया समोरासमोर बसल्या होत्या, दोघींचाही जीव त्या पोरीत अडकलेला, आणि दोघींपुढं तापाशिवाय दुसरी वाटच नव्हती. पण ज्याचं जळतं त्याला कळतं. रजिता कधी तापाला गेली नव्हती. हाडं आतून कुणीतरी पिळतंय असं वाटतं तेव्हा मोठी बाईसुद्धा आईला हाक मारते, हे तिनं पाहिलं नव्हतं. आणि चिन्नीला तर अजून हाकही मारता येत नव्हती.

आपल्या पासपोर्टच्या कामासाठी रजिता आणि गोपी पुण्याला गेले त्या सकाळी सिंधुजा अत्तम्मापुढं जाऊन उभी राहिली. सगळं सांगितलं. म्हातारी बराच वेळ पानाला चुना लावत राहिली.

"दोन पाहुणे भांडतात म्हणाली ती?"

"म्हणाली. एकमेकांला हाकलतात. घर रिकामं होतं."

"आणि पोरीला काय झालं तर?"

"भ्या वाटतंय अत्तम्मा. लई भ्या वाटतंय. पण पाठवायचं त्याहून भ्या वाटतंय."

अत्तम्मानं पान तोंडात न घालता तसंच डब्यात ठेवलं, पाळण्यातली चिन्नी उचलली आणि सुनेच्या हाती दिली. "चल," ती म्हणाली, "हात धुतलेल्या बाया गल्लीत अजून हायत."

अशी ती पोर त्या दिवशी ओसरी-ओसरी फिरली. ज्या तापाला जात होत्या आणि चोरून अंगावर पाजतही होत्या, त्या प्रत्येकीकडं सिंधुजा गेली. एकेकीचा पाहुणा वेगळ्या मुलखातला. आधी बाया कचरल्या. एकीनं सरळ दार लावून घेतलं. पण नागव्वाचं नाव काढलं, की बाकीच्यांचा पदर आपोआप सरकत होता. पद्मजाला दूध नव्हतं, तिनं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून राखण केली. चिन्नीचं काय, तिला कुणाचंही दूध गोडच. पिऊन पिऊन ती सुस्तावली आणि संध्याकाळी सिंधुजाच्या खांद्यावर ढेकर देऊन झोपली. पुढं रजिता परतली तरी ती आंघोळीला, बाजाराला गेली, की चिन्नी एखाद्या ओसरीवर जाऊन यायची.

मग चिन्नीला ताप भरला.

तो ताप कुणी दिलेला नव्हता. सिंधुजानं तिच्या कपाळावरच्या ओल्या पट्ट्या बदलल्या, सगळे देव आळवले, मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या. पोर डोळे उघडेना. रजिता वेड्यासारखी घरभर फिरत होती, आणि तिला काहीच माहीत नव्हतं. सांगावं असं सिंधुजाच्या अगदी ओठांवर आलं, पण जीभ उचलेना. पोरगी गेली तर मीच मारली, एवढं एकच वाक्य तिच्या डोक्यात घुमत होतं. पहाटेकडे चिन्नीला घाम फुटला, अंग निवलं, आणि ती भूक लागल्यासारखी रडली. सिंधुजाला वाटलं, गेले. भांडले आणि गेले. घर रिकामं झालं.

कंपनीची गाडी तपासणीला आली. या वेळी रक्त टाचेतून थेंबभर घेतलं नाही, दंडातून घेतलं. डॉ. खासनीस स्वतः निकाल घेऊन घरी आल्या. सिंधुजा भिंतीला टेकून उभी होती. आता म्हणतील, पोरगी निकामी झाली. म्हणा, म्हणा, लवकर म्हणा.

बाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. मग खाली वाकून त्यांनी चिन्नीच्या पायांना हात लावला आणि तो कपाळाला लावला, देवाला लावतात तसा.

"रजिताताई, तुमच्या मुलीत आता एक पाहुणा नाही. सात आहेत. सातही जण शांतपणे राहताहेत. असं जगात कुठंच झालेलं नाही."

"भांडले नाहीत?" सिंधुजाच्या तोंडून निघून गेलं.

बाई वळल्या. त्यांना सगळं एका क्षणात समजलं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसलं. त्या रागावल्या नाहीत. "भांडतात मोठ्यांच्या घरात, सिंधुजाताई," त्या हळूच म्हणाल्या. "बाळाचं दार उघडं असतं, मी सांगितलं होतं ना? बाळाला सगळेच घरचे."

करायला गेली एक आणि झालं भलतंच. एका म्हाताऱ्याच्या तावडीतून पोर सोडवायला निघालेल्या बाईनं तिला सात जणांच्या हवाली केलं होतं. आता एक पाहुणा मेला तरी करार संपणार नव्हता. आता सात जणांचे प्रवास, सात जणांचे मुलूख, आणि प्रत्येकाचा ताप.

रजिताला कळलं तेव्हा ती सिंधुजाला एक शब्दही उणा बोलली नाही. उलट जाताना पाया पडली. "तुझ्यामुळं पोरीची किंमत वाढली अक्का," ती म्हणाली. सिंधुजाला वाटलं, हिनं त्याऐवजी माझे केस धरून मला गल्लीतून फरफटत न्यायला हवं होतं.

चिन्नी आईबापासकट विमानानं गेली. कंपनीनं सिंधुजाला खाटेवरून उठवून चांगली जागा देऊ केली, नव्या आयांना शिकवायची. पाजायचं कसं, कधी, कुणी कुणाला. तिनं नाही म्हटलं आणि तापघरच सोडलं. तिची स्वतःची फौज किती उरलीय, हे निघताना तिला कुणी सांगितलं नाही. थोडा वारा लागला तरी ती आता पदर नाकाला लावून बसायची.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी रजिताचा फोन आला. पडद्यावर पांढरी खोली, मोठी खिडकी, बाहेर बर्फ. चिन्नी अंगानं भरली होती, गाल गुबगुबीत झाले होते. अत्तम्मा नातीला पाहून पडद्याचेच मुके घेऊ लागली. तेवढ्यात मागून हातमोजे घातलेले दोन हात आले आणि चिन्नीला उचलून घेऊन गेले.

"कुठं नेली गं?"

"वेळ झाली तिची," रजिता म्हणाली. ती फार वाळली होती. "आज दोन ताप हायत. एक झाला की लगेच दुसरा."

"तू जवळ जा की तिच्या."

"तापात जवळ जाऊ देत नाहीत. काचेतनं बघायचं." मग तिचा चेहरा पडद्याच्या इतका जवळ आला, की नुसते डोळे दिसू लागले. "अक्का, ती रडती ना, ते दिसतंय. ऐकू येत नाही. तोंड उघडं असतं नुसतं. मी काचेवर हात मारते. तिला तेबी ऐकू येत नसंल."

फोन बंद झाल्यावरही सिंधुजा तशीच बसून राहिली. दारावर थाप पडली तेव्हा तिनं डोळे पुसले.

दारात पद्मजा होती. सातवा महिना लागलेला, हातात हळदीकुंकवाचं ताट, त्यात खण आणि नारळ. तिनं वाकून सिंधुजाला कुंकू लावलं.

"अक्का, माझं बाळ आलं की पाजशील? तुझा पाहुणा मोठा हाय म्हणतात."

"सोडलं मी ते काम."

"काम सोडलंस, पाहुणा कुठं गेलाय अजून? हाडात असतो म्हणे वरीसभर. माझा एक देईनच मी बाळाला. पण एकाला आता कोण विचारतंय अक्का? चारपाच तरी पायजेत."

सिंधुजानं तिचे दोन्ही दंड धरले. रजिता काय म्हणाली ते सगळं सांगितलं. काच सांगितली, उघडं तोंड सांगितलं, हातमोजे घातलेले हात सांगितले. सांगताना तिचा आवाज चढत गेला आणि शेवटी ती ओरडलीच, "आपणच नेऊन देतोय गं त्यांना लेकरं! आपल्या हातानं!"

पद्मजानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणीही आलं. मग ती म्हणाली, "काच तरी हाय की अक्का. नागव्वाला काय होतं?"

सिंधुजानं तिचे दंड सोडले.

"नको तर नको, राग नाही माझा," पद्मजानं ताट उचललं. "पलीकडं विचारून बघते."

ती सावकाश, पोट सांभाळत ओसरीच्या पायऱ्या उतरली. सिंधुजानं तिला हाक मारली, पण तोवर पलीकडचं दार उघडलं होतं आणि आतली बाई हात पुसत बाहेर आली होती.